हिरडीचा कोणता तुकडा घ्यावा: श्लेष्मल त्वचेच्या पेम्फिगॉइडचे एक प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ही कोणी एक प्रत्यक्ष व्यक्ती नव्हे. हिरड्यांवर दिसणाऱ्या स्वयंप्रतिकार रोगांत नेहमी आढळणारा घटनाक्रम, तपासण्यांचे निष्कर्ष आणि उपचारांचे निर्णय एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. वैद्यकीय तपशील मात्र प्रत्यक्ष व्यवहारातले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

सातारा जिल्ह्यातील एका गावात राहणाऱ्या ५८ वर्षांच्या बाईंच्या हिरड्या सुमारे सव्वा वर्षापासून लाल होऊन सोलवटत होत्या. ब्रश लावला की रक्त येई, आमटीत तिखट जरा जास्त पडले की तोंडाची आग होई, आणि शेवटी शेवटी भाकरी ताकात कुस्करूनच खावी लागे. “हिरड्यांची सालं निघतात,” असे त्या स्वतःच सांगत, आणि निदानाच्या दृष्टीने हेच वाक्य सर्वांत मोलाचे होते. दातांवरील किटणामुळे सुजलेली हिरडी रक्त सोडते, पण तिची साल सहसा निघत नाही.

तालुक्याच्या गावी त्यांचे दोनदा स्केलिंग झाले होते. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, मेट्रोनिडॅझोल, बी-कॉम्प्लेक्स आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या हे सर्व देऊन झाले होते. मध्यंतरी एका डॉक्टरांनी आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तेव्हा हिरड्या जवळजवळ पूर्ववत झाल्या आणि गोळ्या थांबल्यावर काही दिवसांतच पुन्हा सोलवटू लागल्या. जिवाणूंमुळे होणारा हिरड्यांचा आजार असा वागत नाही, तरी या नोंदीकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष न जाण्याचे एक कारण मशेरी हे होते. बाई तरुणपणापासून मशेरी लावत असत आणि तंबाखूचा असा दीर्घ इतिहास समोर असताना लाल, दुखऱ्या हिरडीकडे पाहणाऱ्या दंतवैद्याच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते, आणि ती येणे योग्यच आहे. पहिली बायोप्सी त्या शंकेपोटीच झाली.

पहिली बायोप्सी

दंतवैद्यक महाविद्यालयात बायोप्सीचा जो नियम मनावर ठसतो तो कर्करोगाच्या शोधासाठी घडलेला आहे: जिथे विकृती सर्वांत ठळक दिसते, जिथे लाली, व्रण किंवा कठीणपणा सर्वाधिक आहे, तिथला तुकडा घ्यावा. त्यानुसार खालच्या जबड्यातील पुढच्या दातांपाशी, हिरडीच्या अगदी कडेला, सर्वांत लाल आणि सर्वाधिक रक्त येणाऱ्या जागेवर गोल पंच (नळीसारखे गोल पाते) फिरवून तुकडा काढण्यात आला आणि १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत पाठवण्यात आला. अहवाल आला तो असा: व्रणयुक्त ऊतक, जुनाट दाह, भरपूर प्लाझ्मा पेशी, पृष्ठभागावरील अभिस्तर आढळला नाही, दुर्विकाराचे लक्षण नाही, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.

या अहवालाला निकामी म्हणणे अन्यायाचे होईल. तपासलेल्या तुकड्यात कर्करोग नाही, एवढे तरी त्याने सांगितले. पण बाईंना नेमके काय झाले आहे याचे उत्तर त्यात असणे शक्यच नव्हते, कारण ज्या थराच्या सांध्यावर हा रोग घडतो तो सांधाच तुकड्यातून नाहीसा झालेला होता.

हिरडीच्या पृष्ठभागावर पेशींचा अभिस्तर असतो, खाली संयोजी ऊतक असते आणि या दोहोंमध्ये आधारपटल नावाची अतिशय पातळ शिवण असते. अभिस्तराच्या तळाच्या पेशी या शिवणीला हेमिडेस्मोसोम या सूक्ष्म रचनांनी जखडलेल्या असतात. श्लेष्मल त्वचेच्या, म्हणजे तोंड, डोळे यांसारख्या अवयवांच्या ओलसर अस्तराच्या, पेम्फिगॉइडमध्ये शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) या जखडणाऱ्या प्रथिनांवर, बहुधा बीपी-१८० या प्रथिनावर, चाल करतात. मग अख्खा अभिस्तर खालच्या ऊतकापासून सुटतो आणि पुटकुळ्या येऊन फुटतात. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये हल्ला वेगळ्या ठिकाणी होतो: तिथे अभिस्तरातील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे डेस्मोग्लाइन-३ हे प्रथिन लक्ष्य असते आणि फट अभिस्तराच्या आतच पडते. लायकेन प्लॅनस या तिसऱ्या, आणि बराच जास्त आढळणाऱ्या, रोगात तळाच्या पेशींचाच लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींकडून नाश होतो. तिन्ही रोगांत हिरडी बाहेरून सारखीच दिसते: लाल, तुळतुळीत, सोलवटलेली. फरक फक्त त्या शिवणीच्या आसपास दिसतो, आणि तो दिसण्यासाठी अभिस्तर जागेवर असावा लागतो.

आता पहिल्या बायोप्सीची जागा पुन्हा पाहावी. सर्वांत लाल दिसणारी हिरडी लाल दिसते ती बहुतेक वेळा वरचा थर निघून गेल्यामुळेच. हिरडीच्या कडेला किटणामुळे थोडाफार दाह जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात असतो आणि तिथल्या प्लाझ्मा पेशींची गर्दी मूळ रोगाची खूण झाकून टाकते. त्यातच, जो थर आधीच सैल झालेला आहे त्यावर पंच गोल फिरवला की उरलासुरला अभिस्तरही पिळला जाऊन सुटतो. शिवाय फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांची रचना बदलते. त्यात बुडालेल्या तुकड्यावर प्रत्यक्ष इम्युनोफ्लुरोसन्स ही, ऊतकात बसलेले प्रतिपिंड चमकत्या रसायनाने दाखवणारी, तपासणी भरवशाने करता येत नाही. कर्करोगाच्या प्रश्नासाठी जागा योग्य होती आणि बाटलीही योग्य होती. पुटकुळ्यांच्या रोगाच्या प्रश्नासाठी दोन्ही चुकीच्या होत्या, आणि या दोन प्रश्नांची गरज परस्परविरुद्ध आहे ही गोष्ट आपल्याकडे शिकवताना पुरेशी ठासून सांगितली जात नाही असे माझे मत आहे.

दुसऱ्यांदा पाहताना

हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे बाई आल्या तेव्हा तपासणीत काही गोष्टी स्पष्ट दिसल्या. लाली कडेपुरती नव्हती. हाडाला घट्ट चिकटलेल्या, एरवी फिकट गुलाबी असणाऱ्या संलग्न हिरडीवर ती पट्ट्यापट्ट्यांनी पसरली होती. किटण फारसे नसलेल्या जागीही ती तितकीच होती. दात आणि हिरडी यांमधली खोली बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटरच्या आत होती. लाल पट्ट्याशेजारच्या हिरडीवर बोटाने हलका तिरपा दाब देताच पृष्ठभाग सुरकुतून सरकला. गालांच्या आत लायकेन प्लॅनसच्या पांढऱ्या जाळीदार रेषा नव्हत्या. अंगावर कुठेही फोड नव्हते.

डोळ्यांविषयी विचारल्यावर बाई म्हणाल्या की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी पापण्या चिकटतात. वयोमानाने होत असेल म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. दातांच्या दवाखान्यात डोळ्यांची तक्रार कोण आपणहून सांगणार? गिळताना अडकणे, आवाज बसणे, नाकातून रक्ताच्या खपल्या पडणे आणि लघवीच्या जागी चुरचुरणे याही चार गोष्टी विचारल्या गेल्या, त्या नव्हत्या.

संशयाचा क्रम पेम्फिगॉइड, लायकेन प्लॅनस, पेम्फिगस असा लागला. रेषीय आयजीए रोग हा आणखी एक पुटकुळ्यांचा रोग आणि टूथपेस्टमधील दालचिनीसारख्या घटकांची ॲलर्जी या शक्यता मागे ठेवण्यात आल्या. मशेरीच्या इतिहासामुळे कर्करोगपूर्व बदलांची शक्यता पूर्णपणे सोडता येत नव्हती, म्हणून सोलवटलेल्या भागाच्या काठाचाही एक तुकडा घ्यावा असे ठरले.

दुसरी बायोप्सी

आधी दोन आठवडे मऊ ब्रश आणि अल्कोहोलविरहित गुळण्या यांच्या साहाय्याने किटण कमी करण्यात आले, जेणेकरून किटणाचा दाह मूळ चित्रावर चढून बसू नये. स्टेरॉइड या काळात दिले नाही.

जागेची निवड हा या प्रकरणाचा गाभा आहे. संलग्न हिरडीची रुंदी सर्वत्र सारखी नसते: वरच्या पुढच्या दातांपाशी ती साधारण साडेतीन ते साडेचार मिलिमीटर असते, तर उपदाढांपाशी २ मिलिमीटरच्याही आत येते. अरुंद जागेतून तुकडा घेतला तर हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडण्याचा धोका असतो. म्हणून वरच्या बाजूच्या कृंतकापाशी (पटाशीच्या दातापाशी) जागा निवडली: लाल पट्ट्याच्या काठापासून काही मिलिमीटर दूर, दिसायला निरोगी, अभिस्तर शाबूत असलेली; हिरडीची कड आणि दोन दातांमधला टोकदार भाग सोडून. रोगाची खूण निरोगी दिसणाऱ्या भागात शोधायची हे ऐकायला उलटे वाटते. पण प्रतिपिंड शिवणीवर जाऊन बसतात ते थर सुटण्याच्या आधीच, आणि जिथे थर सुटून दाह माजला आहे तिथे ते नष्ट होऊन गेलेले असतात.

भूल देताना अॅड्रिनॅलिनयुक्त २ टक्के लिग्नोकेन ओठ आणि हिरडी यांमधल्या खोबणीत, जागेपासून दूर टोचले. थेट जागेवर टोचले असते तर द्रवाच्या दाबानेच अभिस्तर उचलला गेला असता आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी फट रोगाची की सुईची हे कोणाला सांगता आले नसते.

पंच बाजूला ठेवला. १५ क्रमांकाच्या पात्याचे टोक पृष्ठभागाला काटकोनात हाडापर्यंत टेकवले आणि पाते न ओढता टोकाकडून मागच्या बाजूकडे नुसते कलवत नेले. एवढी छेदरेषा झाली की पाते उचलून पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच केले. पाते पृष्ठभागावरून ओढल्याने जी आडवी ताण पडते ती इथे पडत नाही, आणि सैल अभिस्तर जागेवर राहतो. तुकडा हाडालगत सोडवताना चिमट्याने वरून धरला नाही, खालच्या संयोजी ऊतकाच्या बाजूने उचलला. गॉजने पुसण्याचा मोह इथे आवरावा लागतो. त्या एका पुसण्याने सगळे श्रम वाया जाऊ शकतात. तुकडा कागदाच्या छोट्या चकतीवर अभिस्तर वर ठेवून पसरवला, म्हणजे तो वळत नाही.

एकच तुकडा काढून त्याचे दोन भाग करण्याची पद्धत प्रचलित आहे. नाजूक हिरडीच्या बाबतीत ती मला पटत नाही. कापताना दोन्ही भागांचा थर हलतो. इथे तीन स्वतंत्र तुकडे घेतले गेले: सोलवटलेल्या भागाचा काठ, थोडा शाबूत अभिस्तर धरून, फॉर्मॅलिनमध्ये, शाबूत हिरडीचा तुकडा मायकेल द्रवात, आणि गालाच्या आतल्या निरोगी भागाचा तिसरा तुकडा, तोही मायकेल द्रवात. मायकेल द्रव हे अमोनियम सल्फेटवर आधारलेले वाहतुकीचे माध्यम १९७२ मध्ये मांडले गेले. ते ऊतकाला घट्ट करून टाकत नाही, पण त्यातील प्रतिपिंड काही दिवस टिकवून ठेवते आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. ज्या गावाहून नमुना कुरियरने मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचा आहे तिथे ही मोठीच सोय आहे. मायकेल द्रव नसेल आणि नमुना २४ तासांच्या आत पोहोचणार असेल तर साधे सलाइनही चालते. बाटल्यांवर नावे आधीच लिहून ठेवली होती, आणि फॉर्मॅलिनला लागलेला चिमटा दुसऱ्या बाटलीजवळ नेला नाही. गडबडीत दोन्ही तुकडे सहायकाकडून फॉर्मॅलिनमध्ये पडणे हा प्रकार नवा नाही.

अहवाल

नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या छेदात अभिस्तर पूर्ण जाडीनिशी खालच्या ऊतकापासून सुटलेला दिसला. तळाच्या पेशी सुटलेल्या थरालाच चिकटून होत्या. फटीखाली लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि काही इओसिनोफिल होत्या. पेम्फिगसमध्ये दिसणाऱ्या सुट्या, गोलाकार पेशी नव्हत्या. कर्करोगपूर्व बदलही नव्हते.

एवढ्यावर पेम्फिगॉइड म्हणता येत नाही, कारण अशी फट इतरही काही रोगांत पडते. निर्णय इम्युनोफ्लुरोसन्सने दिला. या तपासणीचे मूळ अल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेल्या, प्रतिपिंडांना चमकणारे रसायन जोडण्याच्या पद्धतीत आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी याच पद्धतीने पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंड दाखवून दिले आणि पुटकुळ्यांच्या रोगांचे स्वयंप्रतिकारी स्वरूप उजेडात आले. बाईंच्या हिरडीच्या तुकड्यात आयजीजी (प्रतिपिंडाचा एक प्रकार) आणि सी-३ (प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन) यांची सलग, बारीक, हिरवी रेषा आधारपटलावर उमटली होती. गालाच्या तुकड्यात सी-३ची रेषा स्पष्ट आणि आयजीजीची फिकी होती. पेम्फिगस असता तर अभिस्तरातील प्रत्येक पेशीभोवती चकाकणारी जाळी दिसली असती; लायकेन प्लॅनसमध्ये आधारपटलावर फायब्रिनोजेन या प्रथिनाचा फाटका, ओबडधोबड पट्टा आणि मृत पेशींचे चमकते गोळे दिसतात.

रक्ताची तपासणीही झाली. बीपी-१८० प्रथिनाच्या नेहमीच्या एनसी-१६ए भागावरची एलायझा ही, रक्तातील प्रतिपिंड मोजणारी, चाचणी नकारात्मक आली. यात नवल नव्हते: श्लेष्मल त्वचेच्या पेम्फिगॉइडमध्ये प्रतिपिंड पुष्कळदा त्या प्रथिनाच्या दुसऱ्या टोकावर रोखलेले असतात आणि रक्तातले त्यांचे प्रमाणही कमी असते. नुसत्या रक्तावर भिस्त ठेवली असती तर रोग नाही असा निष्कर्ष निघाला असता. पेम्फिगसमध्ये डेस्मोग्लाइनच्या एलायझाला जे वजन आहे ते इथे तिला देता येत नाही.

मिठाच्या द्रावणाने मुद्दाम दोन थरांत दुभंगवलेल्या त्वचेवर बाईंचे रक्तद्रव ठेवले असता आयजीजी वरच्या थराला, म्हणजे छताला, क्षीणपणे चिकटले. हा तपशील महत्त्वाचा आहे. प्रतिपिंड तळाला चिकटले असते तर लॅमिनिन-३३२ या प्रथिनाचा संशय घ्यावा लागला असता, आणि त्या प्रकारच्या पेम्फिगॉइडसोबत शरीरात अन्यत्र कर्करोग असण्याचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे त्याचा शोध ओघानेच आला असता.

हिरडीचाच तुकडा हवा होता का?

गालातील निरोगी तुकड्यानेही निदान पुरेसे सुचवले होते, तेव्हा हिरडी कापण्याची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे. गालातून तुकडा घेणे सोपे असते, टाके नीट बसतात, किटणाचा दाह नसतो, दाताचे मूळ उघडे पडत नाही. प्रत्यक्ष इम्युनोफ्लुरोसन्ससाठी तीच जागा पसंत करणारे तज्ज्ञ बरेच आहेत. ज्या वैद्याला वर सांगितलेली पात्याची पद्धत हातात बसलेली नाही त्याने इम्युनोफ्लुरोसन्ससाठी गालच निवडावा, असेच मीही म्हणेन. पण रोग हिरडीपुरताच असताना गालातील रेषा फिकी किंवा अनुपस्थित असू शकते, बाईंच्या बाबतीतही आयजीजी फिके होते. आणि फट कोणत्या थरात आहे, तंबाखूचे दुष्परिणाम आहेत की नाहीत, हे गालाचा निरोगी तुकडा सांगू शकत नाही. त्यामुळे हिरडीला टाळून हे प्रकरण पूर्ण सुटले नसते.

निदानानंतर

अहवाल आला त्याच आठवड्यात बाईंना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. डोळे वरवर पांढरे, शांत दिसत होते. पण उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीमागची खोबण आखडलेली होती आणि आवरणाखाली तंतूंचे बारीक पट्टे धरू लागले होते. या रोगात डोळा लाल न होताही आतून आखडत जातो, पापणी डोळ्याला चिकटते, पापण्यांचे केस आत वळून बुबुळ घासतात आणि दृष्टी जाऊ शकते. गेलेली परत आणण्याचे उपाय थोडे आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार फक्त तोंड आणि त्वचा यांपुरता असलेला रोग कमी जोखमीचा, तर डोळे, स्वरयंत्र, अन्ननलिका किंवा जननेंद्रिये यांत गेलेला रोग जास्त जोखमीचा धरतात. हिरडीच्या तक्रारीसाठी आलेल्या बाई अशा रीतीने जास्त जोखमीच्या गटात गेल्या.

उपचार त्वचारोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून ठरवले. डॅप्सोन हे दाह कमी करणारे औषध सुरू करण्याआधी जी-६-पीडी या विकराची चाचणी केली गेली; या विकराची कमतरता महाराष्ट्रातील काही आदिवासी समूहांत आणि पारशी समाजात आढळते आणि अशा व्यक्तीला डॅप्सोन दिले तर तांबड्या पेशी वेगाने फुटतात. चाचणी सामान्य आल्यावर लहान मात्रेने सुरुवात करून हिमोग्लोबिन पाहत मात्रा वाढवण्यात आली. डोळ्यासाठी सोबत मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, आणि तंतू वाढताना दिसले तर त्याच हेतूच्या रिटुक्सिमॅब या इंजेक्शनचा विचार करायचा असे आधीच लिहून ठेवले. हिरड्यांसाठी दातांच्या मापाचे मऊ साचे बनवून त्यांत ०.०५ टक्के क्लोबेटासॉल या स्टेरॉइडचे जेल भरून ते दिवसातून काही वेळ बसवायचे होते; अशा उपचारात तोंडात बुरशी धरते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागले.

चौथ्या महिन्यात सोलवटणे जवळपास थांबले आणि बाई पुन्हा कोरडी भाकरी खाऊ लागल्या. मशेरी सुटली. बायोप्सीच्या जागी हिरडीची उंची कायम राहिली. दर तीन महिन्यांनी हलक्या हाताने दातांची सफाई होते, कारण किटण साचले की त्याचा दाह मूळ रोगाला पुन्हा उठवतो. डोळ्यातील आखडणे वर्षभरात पुढे सरकलेले नाही. तरीही प्रत्येक भेटीत खोबणीची खोली मोजून आधीच्या मापाशी ताडली जाते, आणि डॅप्सोनची मात्रा कमी करायची की नाही याचा निर्णय हिरडी पाहून न घेता त्या मापावरून घ्यावा असे दोन्ही तज्ज्ञांचे ठरले आहे.